खाऱ्या मुकादमाची हजेरी

मी खारा मुकादम बोलतोय. मेलेला आहे. घडवतानाच मेलेला घडवला. समुद्रात बुडाला, कुजला, तरी उरला, अशी गोष्ट आधी ठरली आणि मग माझं अंग तयार झालं. माणसांचा आधी जन्म, मग मरण. माझं उलटं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी एका खेळातला राक्षस आहे. उंची वीतभर, त्यातलं निम्मं तोंड. डोळ्यांच्या जागी शिंपा, बरगड्या तारेच्या, कमरेखाली पाय नाहीत, जहाज बांधायच्या दोराचं वेटोळं आहे. दात मात्र खरे. म्हणजे खोटेच, पण माणसाच्या तोंडात बसवायला केलेले. मला आठवतं ते या दातांपासून. माझा स्वभावही त्यांच्याबरोबरच आला असावा.

दातांच्या लॅबमध्ये ताई काम करायची. लॅब म्हणजे एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर गॅसची बारीक ज्योत, मेणाच्या सुऱ्या, प्लास्टरची पोती आणि सगळ्यावर पांढरी धूळ. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे, ताई कवळ्या करून द्यायची. पेशंट तिला दिसत नसत. तिला जबडे दिसत.

एक पेशंट मात्र थेट वर आला. गोदीतला निवृत्त मुकादम. हातरुमालात मेणावर बसवलेली कवळी. तीच मी.

"ही कोणी केली?"

"मी," ताई म्हणाली.

"बोलताना शिटी वाजते. चावायचं माझं मी बघून घेईन. बोलता आलं पाहिजे."

"काय बोलायचंय एवढं?"

"हजेरी."

"निवृत्त झालात ना तुम्ही?"

"मी झालो. पोरं जमतात अजून धक्क्यावर, संध्याकाळची. म्हातारी झालीत, तरी पोरंच. मी नावं घेतो. मागच्या खेपेला शिटी वाजली तर हसली मेली."

ताईनं मला त्याच्या तोंडात बसवलं. "घ्या हजेरी."

तो ताठ उभा राहिला. हात मागे बांधले.

"लंब्या! तोतऱ्या! थोरला दोरवाला! धाकटा दोरवाला! कोळशा!"

ताई ऐकत होती. मला काढलं, सुरी ज्योतीवर धरली, मेण मऊ करून एक दात केसभर मागे घेतला. पुन्हा बसवलं. शिटी गेली. पण तो पहिल्याच नावावर अडून राहिला.

"आता काय झालं?"

"कोणी हजर म्हणत नाही. पुढं कसा जाऊ?"

"मी म्हणते."

"म्हण."

"लंब्या!"

"हजर."

"तोतऱ्या!"

"हजर."

अख्खी टोळी झाली. गरम सुरी हातात धरून ताई प्रत्येकाच्या नावानं हजर म्हणाली. शेवटी तो म्हणाला, "हजेरी पुरी झाली की काम सुरू. त्याआधी नाही." मला तिच्या हातावर ठेवलं आणि जिना उतरला. आभार मानले नाहीत. कामाची माणसं मानत नाहीत.

तेव्हापासून ताईला एक खोड लागली. कोणीही हाक मारली की ती म्हणायची, "हजर!" तिचा धाकटा भाऊ दारातून ओरडायचा, "ताई?" आतून उत्तर यायचं, "हजर!" त्याला वाटायचं, ही आपली थट्टा करते.

मेणाची मी पक्की झाले. पण न्यायला कोणी आलं नाही. मुलीचा निरोप आला. बाबा गेले, कवळीचं काय ते तुम्हीच बघा.

मी फळीवर पडून राहिले. इथपर्यंत मी कवळी होते. पुढं मुकादम झालो.

कसा झालो, त्याला खेळ कारणीभूत. धाकटा रविवारी दुपारी लॅबच्या मागच्या भागात दोस्त जमवायचा. एक बसचा ड्रायव्हर, एक नर्स. धाकटा गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. ड्रायव्हर काणा खलाशी व्हायचा, नर्स वादळ ओळखणारी चेटकीण. काही अवघड करायचं असलं की फासे टाकायचे. मोठी माणसं, पण प्लास्टरच्या पोत्यांवर बसून "माझं जहाज, माझं जहाज" करत भांडायची. मी बघितलंय.

त्यांची गोष्ट समुद्राची. त्यात राक्षस हवेत, तेही मेलेले, तरी न मेलेले. ते करायची ताई. उरलेलं मेण, कवळीचं गुलाबी प्लास्टिक, वाकडी तार. तिची अट होती, दुसऱ्या कोणाचा राक्षस उचलायचा नाही. आणि प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी ठरल्याशिवाय मेणाला हात लावायचा नाही. कशानं मेला, का उरला, कशानं निवेल.

पहिल्या दोन ती धाकट्याला सांगायची. तिसरी कोणालाच नाही. खेळणाऱ्यांनी शोधायची. ती टेबलाशी पाठमोरी काम करत ऐकायची आणि बरोबर उपाय आला की मान हलवायची.

तिची एक जाळेकरीण होती. जाळं विणता विणता बुडाली, आता तिचं अंगच जाळ्याचं, मधे भोक. सगळे तिला जाळायला निघाले. नर्सनं भोकाची शेवटची गाठ मारली. मान हलली. एकदा मालाच्या जहाजातले बुडालेले घोडे आले, भरतीबरोबर चढणारे, शेवाळाच्या आयाळीचे. त्यांचे लगाम काढले तेव्हा ते पाण्यात परत गेले. निवलेल्या राक्षसाला फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. सुटला, आता त्याला बघायला नको. फळीवर पाठीच पाठी झाल्या होत्या.

मग ताईनं मला खाली घेतलं.

कवळीभोवती मेणाचं डोकं चढवलं. आतल्या बाजूला जीभ केली, तिचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवलं. लंब्या म्हणताना जीभ तिथंच टेकते. हजेरीतलं पहिलं नाव. मेणाची जीभ नीट करताना ती स्वतःशी पुटपुटली, "बोलावतोय बिचारा, आणि ओ देणारं कोणी नाही." मग साच्यात घातलं, मेण वितळवलं, प्लास्टिक भरलं, उकळत्या पाण्यात शिजवलं. प्लास्टर फोडून मला बाहेर काढलं. हिरवट रंग दिला.

धाकट्याला तिनं सांगितलं, "हा मुकादम. टोळीसकट जहाज बुडालं. का उरला? काम अर्धं राहिलं."

"आणि तोंड केवढं गं! चावतो ना?"

"ते तू ठरव."

त्यानं ठरवलं. माझ्या चाव्याच्या जोराला त्यानं इतके फासे लावले की कोणी समोर टिकू नये. मोठे दात, उघडा जबडा. दुसरं काय असणार? कोणालाही तसंच वाटलं असतं. चूक तिथं झाली.

रविवारमागून रविवार ते माझ्याशी लढले. आग, लोखंडी आकडे, तोफा, मंतरलेली तलवार. मी हरलो नाही. त्याचा अभिमान आहे मला. पण हरणं वेगळं आणि निवणं वेगळं. मला निवायचं होतं. मी तोंड उघडून उभा होतो, आणि जो तो तोंडात भाला खुपसत होता.

एका रविवारी काणा खलाशी माझ्या अगदी पुढ्यात आला. फासे वाईट पडले. माझ्या दातांखाली तो संपला. ड्रायव्हरनं त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. बस डेपोत लावून त्याच कपड्यांत तो इथं यायचा, काणा व्हायला.

त्यानं फासे ढकलून दिले. मग म्हणाला, "ताई, ह्याला मरण आहे का नाही?"

"आहे."

"मग सांग."

"नाही सांगणार. शोध."

"काय शोधू? सगळं करून झालं! तुम्ही बहीणभाऊ मिळून आम्हाला वेड्यात काढता." तो धाकट्याकडे वळला. "तू तर फासेसुद्धा सरळ टाकत नसशील."

"लबाड म्हणतोस मला?"

"म्हणालो."

"मग येऊ नकोस."

"नाही येत जा."

नर्सनं दोघांनाही झापलं. उपयोग झाला नाही. ड्रायव्हर गेला तो गेलाच. पुढच्या रविवारी धाकटा आणि नर्स दोघंच बसले आणि लवकर उठले. नंतर बसलेच नाहीत.

धाकटा ताईला म्हणाला, "त्याला सांगून टाक ना काय ते. येईल परत."

"सांगितलं तर मुकादम निवणार कसा? ओळखायला नको कोणी?"

"तू पण ना ताई, हट्टी आहेस."

"आहे."

मला फळीवर ठेवलं, पण भिंतीकडे नाही. दाराकडे तोंड. ताई रोज काम करताना एकदा दाराकडे बघायची. मी तर बघतच होतो. जिन्यावर जड पावलं वाजली की वाटायचं, डेपोतून आला. प्लास्टरवाला असायचा.

वर्षं गेली. ताईचे हात कापायला लागले. मेण तिचं ऐकेना. तरी ती टेबलाशी बसायची. धाकटा दारातून हाक मारायचा, "ताई?" "हजर!" आवाज बारीक झाला होता. मग एक दिवस तो आवाजही गेला. ताई गेली.

धाकट्यालाही तोवर पांढरे केस आले होते. तो लॅब रिकामी करायला आला. मदतीला नर्स. तिनं फळीवर मला पाहिलं, धूळ फुंकली आणि न विचारता फोन लावला.

"ये इकडे. लॅबवर. मी बोलावतेय म्हणून ये, त्याच्यासाठी नको येऊस."

जिन्यावर जड पावलं वाजली. या वेळी तोच होता. दारात थांबला. धाकटा खोकं बांधत होता, त्यानं मान वर केली नाही.

"ताईचं फार उशिरा कळलं रे," ड्रायव्हर म्हणाला. शब्द जरा घसरत होते.

"तोंडात काय आहे तुझ्या?" नर्सनं विचारलं.

"कवळी. नवी आहे. हसू नका."

धाकटा हसला. पहिल्यांदा मान वर केली. "ताई असती तर नीट करून दिली असती."

"माहीत आहे. म्हणून तर चिडचिड होते." तो माझ्याजवळ आला. "हा आहे का अजून? खुनी."

त्यानं मला उचललं. तोंडात डोकावला. बराच वेळ डोकावला. मग खिडकीकडे नेलं.

"अरे, ह्याची जीभ बघ."

"त्याचं काय?"

"चावताना जीभ अशी पुढं ठेवली तर काय होतं ते मला विचार. गेल्या आठवड्यात दोनदा चावलीय. रक्त आलं." त्यानं मला धाकट्याच्या नाकासमोर धरलं. "हा चावत नाहीये. हा बोलतोय."

धाकट्यानं वाकून जीभ बघितली.

"मुकादम ना हा?" ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या डेपोतही आहे. तोंड उघडतो ते सकाळी हजेरी घ्यायला." तो पोत्यावर बसला, मला समोर ठेवलं. "चल. सांग गोष्ट. समुद्र आहे, हा वर आलाय. तलवार मी खाली ठेवतो."

"काणा मेलाय तुझा."

"काण्याचा भाऊ आलाय. सांग तू!"

धाकट्यानं खोकं बाजूला सारलं. घसा साफ केला. "मुकादम पाण्यावर येतो. तोंड उघडतो."

ड्रायव्हर उभा राहिला. हात मागे बांधले. "हजर," म्हणाला.

नर्स उभी राहिली. "हजर."

धाकट्याची नजर सवयीनं टेबलाकडे गेली, मान हलते का बघायला. टेबल रिकामं होतं. "बरोबर की चूक, आता सांगणार कोण?" तो म्हणाला. आणि तिथंच थांबला. हात तोंडावर गेला.

"काय झालं रे?"

"ताई," तो म्हणाला. "हाक मारली की काय म्हणायची ती? जन्मभर काय म्हणत आली?"

तो टेबलाला टेकला. ड्रायव्हरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फासे सरळच टाकायचास तू," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं."

असा मी निवलो. तलवारीनं नाही.

आता मी ड्रायव्हरच्या घरी आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून. भिंतीला एक ओलाव्याचा डाग आहे, तो बघत असतो. तक्रार नाही. रविवारी माझ्या पाठीमागे खुर्च्या सरकतात. नवे राक्षस आता नर्स करते, साबणाचे. बरे असतात, दात जमत नाहीत. भांडणं जुनीच.

तुम्हाला एक सांगतो. कोणी तोंड वासून समोर उभं राहिलं तर आधी ऐका, काय म्हणतंय. भाला नंतर आहेच.

खेळाआधी धाकटा आता हजेरी घेतो. ड्रायव्हरचं नाव, हजर. नर्सचं नाव, हजर. मग थोडा थांबतो आणि म्हणतो, "ताई?"

तेव्हा खोलीत कोणी बोलत नाही. मी बोलतो. माझी जीभ अजून जागेवर आहे. त्यांना ऐकू जात नाही, पण हजेरी पुरी होते.

मग फासे पडतात. काम सुरू होतं.