ठकीच्या कुशीतलं करडू

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही लाजू नका, पुढे जागा आहे. एका राखणदार कुत्रीची गोष्ट ऐका. तिनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि तिच्याच मायेपायी एक जीव गेला.

दोन जावा मिळून साठेक शेळ्या सांभाळत. आसपास लांडग्यांची ये-जा, म्हणून थोरलीनं ठकीला पिल्लू असल्यापासून शेळ्यांतच वाढवलं. नाव ठकी, म्हणजे चिमुकली बाहुली, पण उभी राहिली की थोरलीच्या कमरेला लागे. तिची गर्भाची पिशवी काढायचं निघालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या हाडाची आहे. दीड वर्ष अंग भरू द्या." दीड वर्ष झालं, तर थोरलीच अडून बसली. धाकटीला म्हणाली, "शेळ्या गाभण आहेत. टाके घातल्यावर बारा दिवस हिला बांधायची, मग राखण काय तू करणार भुंकून? हा हंगाम जाऊ दे."

मध्येच ठकी माजावर आली. तिला खोलीत कोंडलं, एकही कुत्रा फिरकू दिला नाही. तरी दोन महिन्यांनी तिचं पोट सुटलं, सडांना दूध आलं. आणि सोमवारी पहाटे एक शेळी कोपऱ्यात व्यायली, तर ठकीनं ते करडू ओढून कुशीत घेतलं. शेळी जवळ आली की गुरगुरायची. कुणाच्या लक्षात येईपर्यंत दुपार झाली. चिकाचा थेंब पोटात न जाता करडू गार पडलं, तरी ठकी ते चाटतच होती.

गुरुवारी पुन्हा तेच. या खेपेला करडू जिवंत हाती लागलं.

धाकटीचा तोल सुटला. "उद्याच्या उद्या काढा तिची पिशवी! जाऊबाई, तुमचे लाड पुरे झाले. दुसरीचं पोर छातीशी धरलं म्हणून कुणी आई होत नाही!"

बोलली, आणि तिनं जीभ चावली. थोरलीनं वारलेल्या सवतीची मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून वाढवली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई, मी कुत्रीबद्दल म्हटलं हो."

"कळलं मला. डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. ठकीचं सड दाबून त्यांनी दूध पाहिलं आणि मान हलवली. "आत्ता नाही. दूध असताना पिशवी काढली, तर हा खोट्या आईपणाचा भ्रम महिनोन् महिने सुटायचा नाही. चार आठवडे थांबा, दूध आटू दे. तोवर करडू नजरेलाही पडू देऊ नका."

"आणि लांडगे? त्यांनाही चार आठवडे थांबा म्हणून सांगताय का?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं ठरवलं: थांबायचं. बोकड आणि भाकड शेळ्या बाहेरच्या कुंपणात, त्यांच्यापाशी ठकी. व्यायला आलेल्या सगळ्या गोठ्यात, आणि त्यांच्यापाशी ती स्वतः, दूध आटेपर्यंत.

मग तिनं ते करडू त्याच्या आईपुढे ठेवलं. शेळीनं हुंगलं आणि शिंगानं उडवून लावलं. अंगाला ठकीचा वास होता ना! थोरलीनं करडू पुसलं, शेळीचा मागचा पाय धरला आणि त्याचं तोंड सडाला लावलं. बाहेर ठकी ते बें-बें ऐकून कुंपणाखाली माती उकरत होती. सोमवारपासून थोरलीचा जीव ठकीसाठीच तुटत होता. या शेळीकडे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. ती थरथरत होती, पान्हा दाटला होता, आणि तिला आपलंच पोर ओळखू येत नव्हतं.

थोरलीला एकदम आठवलं. पोरीच्या जन्मदात्रीचं नाव तिनं पोरीपुढे आजवर एकदाही काढलं नव्हतं.

करडू चुटूचुटू पिऊ लागलं. तिनं शेळीचा पाय सोडला नाही.

ठकीचं काय होईल ते चार आठवड्यांनी कळेल. देव तिला सुखी ठेवो. तुम्ही मात्र घरी गेलात की त्या पोरीच्या पहिल्या आईची घडीभर आठवण काढा. त्या घरात तिची आठवण काढणारं कुणी नव्हतं.