खातेदाराने स्वतः विनंती करावी

मोठ्या कंपनीचे कॉम्प्युटर ठप्प झालेत हे मला कळलं ते आमचा टेम्पो त्यांच्या फाटकावरून भरलेलाच परत आला तेव्हा. पंपांना लागणारे रबरी वॉशर आम्ही त्यांना पुरवतो. माल आत घ्यायचा तर आधी त्यांच्या पोर्टलवर नोंद लागते, आणि पोर्टलला कुणा चोराने आतून कुलूप घातलं होतं. एवढा अवाढव्य कारखाना, पण हाताने पावती फाडू शकेल असा एक माणूस त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. गोदामवाले कॉम्प्युटरच्या बंद पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसलेत, ड्रायव्हर म्हणाला, जणू मॅच सुरू व्हायचीय.

मग त्यांचा सुरक्षा अधिकारी आमच्या वर्कशॉपवर आला. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. वॉशर दाबून काढायच्या प्रेसजवळ तेल सांडलेलं असतं, त्यामुळे तो चालत कमी आणि उड्या जास्त मारत होता. ऑफिसात पाठीची उशी बाजूला सारून तो खुर्चीत बसला. हल्ला तुमच्या बाजूने झाला, म्हणाला. तुमच्या पोर्टल बघणाऱ्या बाईंच्या नावाने चोर शिरला; त्यांनी नको ती लिंक उघडली असणार. बोलवा त्यांना.

त्या बाई म्हणजे माझी बायको. खुर्ची तिची, उशीही तिचीच.

"आई गेली," मुलगी म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात."

"पण सिस्टीममध्ये त्या ॲक्टिव्ह दिसतात."

"तुमच्या सिस्टीममध्ये दिसत असेल. घरात नाही दिसत."

तरी तो गप्प बसला नाही. अशा माणसांना बोलण्याचाच पगार असतो. ती गेल्यावर तिचं खातं बंद करा म्हणून मी कंपनीच्या मागे लागलो होतो. उत्तर ठरलेलं: सुरक्षेच्या कारणास्तव खातेदाराने स्वतः विनंती करावी. मृत्यूचा दाखला पाठवला, तर त्यावर खातेदाराची सही नाही म्हणून परत आला. चोराने मात्र तिच्या नावाने नवा पासवर्ड मागितला आणि त्यांनी तो मुकाट दिला. मुलीने त्याला तिच्या मेलमधला हा सगळा पत्रव्यवहार दाखवला. त्याने वाचलं आणि म्हणाला, प्रक्रिया बरोबरच आहे.

मग त्याने कागद पुढे केला. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हे घडलं, असं मी मान्य करायचं. सही केली तर माल पुन्हा सुरू, नाही केली तर पुरवठादारांच्या यादीतून आमचं नाव कमी.

"काका, बाईंना आता काय फरक पडणार आहे?"

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"बूट सांभाळा," मी म्हणालो. "दारातही तेल आहे."

त्यानंतर कंपनीने पुरवठादारांची साखळी मजबूत करायला म्हणे सुरक्षेचं प्रशिक्षण काढलं. आमचं नाव कमी झालं, पण बायकोला मेल आला: आपण अद्याप हजेरी लावलेली नाही. मुलगी वाचून हसली, मग उठून बाहेर गेली.

प्रेस थंड आहेत. नवं गिऱ्हाईक मिळालेलं नाही. तिचं खातं अजून बंद झालेलं नाही.