डाव्या कानाचं मत

मी हेडफोन. दोन्ही कान झाकून घेणारा, जुन्या धाटणीचा, वायरवाला. आजवर दुसऱ्यांचंच कानात सांगत आलो. आज थोडं माझं ऐका.

कारखान्यात एका बाईने मला कानांवर चढवून पाहिलं. आधी डावी बाजू, मग उजवी. "दोन्ही बरोबर," म्हणाली आणि खोक्यात ठेवलं. आमच्यात एवढं शिक्षण पुरतं.

माझी मालकीण तेव्हा कॉलेजात होती आणि तिला वेड एकाच बँडचं. दोनच माणसं, आणि वायरींच्या गुंत्यात बसलेली त्यांची आवाज काढणारी यंत्रं. एक जण ठोका धरायचा, दुसरा गायचा. पण तोही आवाज यंत्रातून असा गाळून, की त्याच्या आईनेसुद्धा ओळखू नये. मालकिणीचे बाबा विचारायचे, "गाणं लागलंय की मिक्सर बिघडलाय?" ती मला आणखी घट्ट दाबायची. नवं गाणं आलं की आधी शेवटपर्यंत ऐकायचं, मग चाहत्यांच्या गटात आपलं मत लिहायचं, आणि त्याआधी दुसऱ्या कोणाचं अक्षरही वाचायचं नाही, हा तिचा नेम. गटातले सगळे तिला 'ताई' म्हणत आणि तिच्या मताची वाट पाहत.

मग नोकरी, लग्न, आणि आठ महिन्यांपूर्वी पिल्लू. मी खुंटीवर गेलो. उजव्या गादीचं कातडं सोलायला लागलं. तक्रार नाही. जिला स्वतःचे केस विंचरायला सवड नाही, ती माझी धूळ कधी पुसणार? तिचे कान मात्र अष्टौप्रहर कामावर. नळ वाहत असला तरी तिला त्यात रडू ऐकू यायचं. केसांना फेस तसाच ठेवून न्हाणीतून धावत यायची, तर पिल्लू आपलं ढाराढूर.

"मला वेड लागलंय का रे?" ती नवऱ्याला विचारायची.

"आत्ता विचारतेयस? ही चौकशी मी लग्नाआधी करायला हवी होती."

आणि परवा त्या दोघांचं नवं गाणं आलं. अकरा वर्षांनी.

तिने मला खाली काढलं, बाहीने पुसलं. तिच्या नव्या फोनला माझी पिन बसत नाही, म्हणून मध्ये बोटभर वायरीचा जोड लावला. पिल्लू पलीकडच्या खोलीत झोपलेलं. तिने माझी डावी बाजू कानावर ठेवली आणि उजवी मागे सरकवली. तो कान पिल्लासाठी राखीव.

गाणं सुरू झालं आणि मी चरकलो. या वेळी त्या दोघांनी गाणं वाटून घेतलं होतं. डावीकडे नुसता ठोका, कोरडा, संथ. उजवीकडे आवाज. कशातूनही न गाळलेला, वय झालेल्या माणसाचा साधा आवाज. आणि तो मी जीव तोडून तिच्या केसांना ऐकवत होतो.

चार मिनिटांनी तिचा चेहरा पार उतरला. गटात तिने लिहिलं, "ठोका आहे, गाणं नाही. संपले बिचारे." पाठवलं, आणि तशीच बसून राहिली. नवरा आला तेव्हा म्हणाली, "ते नाही रे, मीच संपलेय. पूर्वी अंगावर काटा यायचा. आज सारखं वाटत होतं, कपडे वाळत घालायचे राहिलेत."

"आण बघू," म्हणत त्याने मला डोक्यावर चढवलं. या माणसाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कान दोन्ही मोकळे होते. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हातारा बरा गातो गं."

"कोण गातंय? त्यात कोणी गात नाही."

"मग माझ्या उजव्या कानात कोण बसलंय, तुझे बाबा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. "अरे देवा! आणि मी ताई म्हणवून घेते!"

"आता दोन्ही कानांनी ऐक. मी आहे पिल्लापाशी."

"रडलं तर?"

"तर मला ऐकू येईल. माझे कान काय शोभेचे आहेत?"

ती दाराकडे तोंड करून बसली. गाण्यातला आवाज सुरू होताच तिने मला उपसून काढलं आणि पिल्लाचा कानोसा घेतला. शांत. पुन्हा लावलं, निम्म्यात पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला हात वर आला आणि तिथेच थांबला. तो म्हातारा आवाज एका उंच सुरावर चढला, फाटला, आणि त्यांनी तो फाटका तसाच राहू दिला होता. तिच्या कानामागची लव उभी राहिली. ते मला सोडून कोणाला कळणार?

गाणं संपलं तेव्हा नवरा दारात उभा होता. पिल्लू खांद्यावर, गाल ओले, मूठ तोंडात.

"उठलं होतं. दीडेक मिनिट भोकाड पसरलं. आता खुशीत आहे."

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. पिल्लाला घेतलं, टाळू हुंगली, हातपाय जागच्या जागी आहेत का पाहिलं. होते. मग एका हाताने गटात लिहिलं: "माझं मत रद्द समजा. मी डाव्या कानाने ऐकलं होतं."

सध्या मी कपाटावर असतो, गादीला चिकटपट्टी लावलेला. ती येता-जाता माझ्याकडे बघते, उचलते, परत ठेवते. ते दीड मिनिट तिला अजून सलतंय.

बाई, इतकी वर्षं तू माझ्याकडून ऐकलंस, एवढं एक आणखी ऐक. गाणं चांगलं आहे. तो घरी असेल तेव्हा पुन्हा लाव. आणि त्या दीड मिनिटाचा दोष कोणावर तरी टाकल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर माझ्यावर टाक. कान मी झाकले होते, तू नव्हेस.