बंदूक गेली, मी राहिलो

मी कुलूप बोलतोय. तसं तोंड मिटून बसणं हाच माझा धंदा, पण आज बोलणारच. बंदुकीच्या घोड्यावर बसवतात ना, त्यातला मी. आत बोट जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम, आणि त्यात मी भलता हट्टी आहे.

लंडनला, म्हणजे आमच्या कॅनडात ओंटॅरिओतल्या लंडनला, हेमचंद्र प्रधानांनी मला विकत घेतलं. रिटायर्ड इंजिनिअर. ऑफिसातल्या मित्राच्या नादाने त्यांनी शिकारीची रायफल घेतली, दोनदा जंगलात जाऊन आले, हरीण काही दिसलं नाही. मग रायफल बेसमेंटमधल्या कपाटात आणि मी तिच्या उरावर.

वर्षातून एकदा मला सुट्टी मिळायची, खंडेनवमीला. "बांधलेल्या शस्त्राची पूजा करत नाहीत," म्हणत हेमचंद्र मला काढायचे. पाटावर रायफल, तिला हळदकुंकू, फुलं. शेजारच्या ताटात मी आणि कपाटांच्या सगळ्या किल्ल्या. दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी काही हलवायचं नाही. मी दरवर्षी चडफडायचो. अहो, एवढे शिकलेले तुम्ही! विंटर टायर्स वेळेवर लावता, आणि भरल्या घरात बंदूक उघडी?

२००९ साली खंडेनवमी रविवारी आली. हीटिंगच्या जाळीतून वरचं सगळं मला ऐकू यायचं. सकाळी चहाच्या वेळी ऊर्मीने, त्यांच्या वीस वर्षांच्या मुलीने, सांगून टाकलं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे.

"नॉट इन माय हाउस," हेमचंद्र म्हणाले. "मराठी मंडळात तोंड कसं दाखवू मी?" आणि खाली येऊन पूजेला बसले.

दुपारी ऊर्मी एकटी खाली आली. पाटासमोर बसली. किती वेळ बसली! रडतसुद्धा नव्हती, त्याचीच मला धास्ती वाटली. बाहेर कुणी आपल्या जिवावर उठेल, ही भीती अशा मुलांना असतेच. घरातल्या बंदुकीचा धोका मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. तिने हात पुढे केला. मी कुंकवाने माखून ताटात पडलेलो, काडीच्या उपयोगाचा नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात तिची आई, सीमाताई, तांदूळ न्यायला उतरल्या. त्या ओरडल्या नाहीत. लेकीला हाताला धरून बाजूला घेतलं, मला उचललं आणि खटकन रायफलला लावलं. किल्ल्या मुठीत घेतल्या.

"अगं, पूजा मोडेल!" मागोमाग आलेले हेमचंद्र म्हणाले.

"मोडू दे."

मग सीमाताईंनी ऊर्मीला सरळच विचारलं, "जीव द्यायचं मनात आलं होतं का गं?"

"येस, आई. आय वॉज सो टायर्ड."

हेमचंद्रांना सगळं पटलं होतं असं नाही. पण उत्तरपूजेची वाट न बघता त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला, रायफल घेऊन जा म्हणून. कायमची. सीमाताई तिथूनच ऊर्मीला घेऊन इमर्जन्सीत गेल्या. पुढे कित्येक महिने काउन्सेलिंग चाललं. बाप-लेकीचं बोलणं सुरू व्हायला अख्खा विंटर गेला.

आता मी बेकार आहे, आणि खुशाल आहे. खंडेनवमीला पाटावर रायफलच्या जागी मीच बसतो. गेल्या वर्षी मला फूल वाहिलं ते ऊर्मीच्या क्लेअरने.

एरवी हेमचंद्र मला खिशात घालून मंडळात नेतात. हो, त्याच मंडळात! शिकारीचा नाद असलेला कुणी दिसला की गाठतात. "कुलूप आहे का? मुलांना बरं वाटतंय का? विचारलंस कधी?"

परवा एकजण हसून म्हणाला, "अहो प्रधान, आमच्या घरात तसलं काही नाही."

"मीही हेच म्हणत होतो," हेमचंद्र सगळ्यांदेखत म्हणाले. "माझी मुलगी लेस्बियन आहे. आणि ती जिवंत आहे."

तो गृहस्थ हसायचा थांबला.

तुम्हीही ऐकलंत ना? मग उठा, खाली जाऊन कपाट बघून या. आणि येताना मुलांच्या खोलीचं दार वाजवा.