आखूड पायाची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. लास वेगासच्या एका कॅसिनो-हॉटेलातल्या रंगमंचावर माझी हयात गेली. तिवई म्हटल्यावर नाक मुरडू नका. बारच्या उरलेल्या अक्रोडाच्या लाकडातून सुताराने मला घडवलं, तेव्हा खानदान चांगलंच आहे. घाईत एक पाय जरा आखूड राहिला. तो दोष त्याचा, माझा नव्हे.

माझ्या शेजारी तो माईक, दांड्यावर मान वर करून उभा. काम काय, तर दुसऱ्याचं बोलणं मोठ्याने सांगायचं. तरी त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचे आणि माझ्यावर ओला ग्लास ठेवायचे. अंगावरची ही पांढरी वर्तुळं त्याचीच. जळायचे मी. खोटं कशाला सांगू?

माझा माणूस हर्शेल पिंकस. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना हसवणं हा त्याचा धंदा. खेळून झालेल्या पत्त्यांना हॉटेलवाले मधोमध भोक पाडतात, म्हणजे कुणी ते पुन्हा खेळात घुसडू नये. असा एक पत्ता हर्शेलच्या खिशात असायचाच. तो दुमडून माझ्या आखूड पायाखाली सरकवायचा, मगच कार्यक्रम सुरू. सगळा वेळ माईक धरून उभा राहायचा. शेवटी मात्र माझ्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकांना घाबरणाऱ्या आपल्या शिंपी बापाची गोष्ट सांगायचा. लोक घास तोंडात तसाच ठेवून ऐकायचे. तेवढा वेळ माझा, बाकीचा सगळा त्या माईकचा.

हॉलच्या मागच्या भिंतीवर तांबडा दिवा होता. तो लागला की चालू विनोद संपवून खाली उतरायचं. पाहुणे इथेच हसत बसले की तिकडे जुगाराची टेबलं ओस पडतात, हा मालकाचा हिशेब.

मग आली कुकी डॅमियानो. काडीसारखी पोरगी, तोंडात सदा च्युइंगगम. माझ्यावर कधी टेकली नाही. पण लोक तिला टेबलं बडवून दाद द्यायचे. मालक लुंडग्रेन साहेबांनी दोघांना सांगून टाकलं, "पुढच्या हंगामाला तुमच्यातलं एकच ठेवणार."

"पोरी, जरा बेताने हसव," हर्शेल पडद्यामागे म्हणाला. "कुणाच्या घशात मासा अडकेल."

"अहो हर्शेल, तुमच्या वेळेला ते झोपेत घास चावतात. मी जागं करून ठेवते, उपकार माना."

हर्शेल हसला. पण हातातला पत्ता तो पुन्हा पुन्हा दुमडत होता, हे मी पाहिलं.

त्या संध्याकाळी कुकी दिवा लागताच भर हशात उतरून गेली. मग हर्शेल आला. त्याचा दिवा लागला. त्याने तो पाहिला आणि माझ्यावर बसला. बापाची गोष्ट झाली, मग आईची, मग मामाची. लोक डोळे पुसत हसत होते. इतका वेळ तो माझ्यावर कधी बसला नव्हता. मी फुलून गेले होते. दिवा तसाच जळत राहिला.

"छान हसवलंस," नंतर साहेब म्हणाले. "बाहेर माझी पत्ते वाटणारी माणसं हात चोळत बसली होती."

"लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, साहेब."

"उभे राहिलेच होते, तर टेबलांकडे यायला हवे होते."

हर्शेलची नोकरी गेली. माझ्या पायाखालचा पत्ता केरात गेला, मी पडद्यामागे गेले, अंगावर रंगाचे डबे. माईकला मात्र नवी सोनेरी जाळी बसली.

पुढे कुकीने आपल्या आईची एक गोष्ट रचली. उभ्याने सांगितली, तर काटेचमचे वाजतच राहिले. मग तिला मी आठवले. मला बाहेर ओढून ती बसली. मी एका अंगाला कलले आणि लोक नको तिथे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हर्शेलला घेऊन आली. तो आता जोड्यांच्या दुकानात काम करत होता.

"तुमची ही तिवई लंगडी आहे."

"लंगडी नाही गं. तिचा मान ठेवावा लागतो." त्याने खिशातून पत्ता काढला. अजून असायचा त्याच्याकडे.

"दिवा दिसला होता ना तुम्हाला? मग उठला का नाहीत?"

"तुझं हसू लोकांच्या तोंडावर राहिलं होतं. ते पुसून मला माझं ठेवायचं होतं."

कुकीने त्याच्या हातून पत्ता घेतला आणि वाकून माझ्या पायाखाली सरकवला. मग म्हणाली, "आणि मी रोज पडद्यामागे उभी राहून तुमच्या शिंप्यावर जळत होते. आईची गोष्ट उगाच रचली का मी?"

"हे कधी बोलली नाहीस."

"आता सांगा ना. एकदा."

हॉल रिकामा होता. दिवा लावायला कुणी नव्हतं, माईक बंद होता. हर्शेल माझ्यावर बसला आणि त्याने बापाची गोष्ट सावकाश, शेवटपर्यंत सांगितली. कुकी च्युइंगगम चघळायची विसरली.

आता कुकी रोज शेवटी माझ्यावर बसते. पत्ता तिच्या खिशात असतो.

मित्रांनो, जुन्या लाकडावर ओला ग्लास ठेवू नका, आणि लंगडी म्हणण्याआधी वाकून पाय बघा. कुणाचं काही आवडलं, तर पडद्यामागे जळत उभं राहू नका, पुढे होऊन सांगा. हर्शेलला ते वेळेवर कळलं असतं, तर तो दिव्याबरोबर उठला असता.

माझं म्हणाल, तर त्या माईकशी मी अजून बोलत नाही.