शेठजींनी काहीतरी मागितलं

कैलासचंद शेठ विजेच्या सामानाचे दुकानदार. पालिकेच्या बैठकीत त्यांनी असं काही सांगितलं की सभासदांचे चहा थंड झाले. कचेरी, शाळा आणि दवाखाना, तिन्हीकडचे पिवळे बल्ब काढून मी पदरच्या पैशाने ट्यूबलाइट लावतो, म्हणाले. विजेचं बिल जेवढं उतरेल तेवढे पैसे दोन वर्षं मला द्या, पुढची बचत तुमची. बिल उतरलंच नाही तर छदाम देऊ नका.

साल चौऱ्याहत्तर. विजेचे दर चढलेले, आणि पालिकेची तिजोरी इतकी रिकामी की दवाखान्यातल्या बाळंतिणीच्या खोलीतला शंभर वॅटचा बल्ब काढून पंचवीसचा लावला होता. दुसरं कुणी असतं तर शेठना पायघड्या घातल्या असत्या. आमचे सभासद मात्र शंका काढत बसले. जो माणूस खिळेसुद्धा मोजून देतो, तो ट्यूबलाइटच्या नळ्या उधार का देईल? शेठचे मेहुणे मालेगावला कंत्राटदार आहेत म्हणे. शेठना निवडणूक लढवायची आहे म्हणे. नळ्यांत विषारी वायू असतो म्हणे. आणि शेठनी कुणाला चहासुद्धा पाजला नाही, हे तर अध्यक्ष उदयसिंगांना सगळ्यात खटकलं. ठराव दर बैठकीत पुढे ढकलायचे आणि मोठं संकट टाळल्यासारखे घरी जायचे. संताप यायचा नुसता.

दवाखान्याच्या नर्स गोमतीबाई प्रत्येक बैठकीला बाहेरच्या बाकावर येऊन बसत. बाळंतिणीच्या खोलीत उजेड हवा, एवढंच त्यांचं मागणं. ठराव पुन्हा अडला तेव्हा त्यांनी शेठना व्हरांड्यात गाठलं.

"शेठ, तुमी काईच मागत नाई, म्हणून ते भिऊन राह्यले. काईतरी मोठं मागा. त्याईले नाई म्हणता आलं पायजे."

पुढच्या बैठकीत शेठनी चाचरत बसस्टँडसमोरची पालिकेची जागा दुकानासाठी मागितली. उदयसिंगांचा चेहरा एकदम खुलला.

"हे होतं तर तुमच्या पोटात," ते म्हणाले.

सभासदांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. जागा साफ नाकारली आणि नळ्यांचा ठराव एकमताने मंजूर केला. शेठची चांगली जिरवली, असं त्यांना अजून वाटतं.

शेठ बाहेर आले ते गोमतीबाईंकडे बघतच राहिले. इतके दिवस संशयात वावरून त्यांनाही त्याची लागण झाली असावी.

"बाई, खरं सांगा. तुमाले याच्यात काय भेटते?"

बाईंनी राग गिळला. मग सांगितलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची धनीबाई गेल्या हिवाळ्यात बाळंत झाली. मूल चांगलं रडलं. आईला झोप लागली असं समजून बाईंनी तिच्यावर घोंगडी टाकली आणि त्या बाळाला पुसत बसल्या.

"पंचवीसच्या बल्बात घोंगडीवरचं रगत दिसलं नाई, शेठ. हाताले लागलं तवा समजलं. तवर गेली होती बिचारी."

शेठ तडक दुकानाकडे निघाले.

पहिली नळी त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत लावली. पंचवीसच्या जागी चाळीसची, म्हणजे तिथलं बिल उतरण्याऐवजी चढणार. तिन्ही इमारतींत शेठचा तोटा होणारी हीच एक खोली होती. उदयसिंगांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ मिशी कुरवाळत बसले. मग त्यांनी शिपायाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पह्यली तिथंच काहून लावली असंल रे?"