आभाळातून चालणारी बादली

मी एक जुनी लोखंडी बादली आहे. विश्रांतवाडीच्या एका अरुंद गल्लीत, भीमरावांच्या दाराशी, भिंतीला टेकून बसलेली असते. माझ्या पोटात सध्या माती आहे आणि मातीत जाईचा वेल. येणारे-जाणारे मला कुंडी समजतात आणि मीही कुणाची समजूत काढायला जात नाही. पण मित्रांनो, तुम्ही घटकाभर थांबलात तर सांगते. मी विहिरीवरची बादली नव्हे, नळाखालचीही नव्हे. मी आभाळातून चालत असे.

माझा जन्म भोसरीच्या एका वर्कशॉपातला. जाड पत्रा तापवून वाकवला, कडेला रिवेट ठोकले, वर लांब लोखंडी हात दिला आणि हाताच्या टोकाला चाकं बसवली. अंगावर पांढऱ्या रंगाने सतरा हा आकडा आला. त्या दिवशी माझ्या कितीतरी बहिणी अंगणात ओळीने उन्हाला रंग वाळवत बसल्या होत्या. मग ट्रकने आम्हाला शहराच्या उत्तरेला, एका खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी आणलं.

डोंगरावर दगडाची खाण होती आणि पायथ्याला दगड फोडून खडी करणारा क्रशर. मधे खोल ओढा. गाडीवाट फार वळसा घालून जायची, म्हणून मालकांनी उंच मनोऱ्यांवरून जाड तार ताणली होती. तिच्यावर आमची चाकं चालायची आणि दुसरी एक बारीक तार आम्हाला ओढून न्यायची. कागदावर तिचं नाव रज्जुमार्ग, साहेबांच्या तोंडी रोपवे आणि आमच्या माणसांच्या तोंडी नुसती ‘तार’. एका बाजूने भरलेल्या बहिणी खाली उतरायच्या, दुसऱ्या बाजूने रिकाम्या वर चढायच्या. मोटर होती, पण खरं ओझं उतरणाऱ्याच ओढत. त्यांच्या वजनानेच आम्ही वर जायचो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खाली पोचलं की माझा खटका उघडायचा आणि मी जागच्या जागी उलटी व्हायचे. दगड धडधडत क्रशरच्या तोंडात जायचे. मग तिथे खाली कामाला असलेले भीमराव मला सरळ करत, खटका लावत आणि त्यावर हातोडीने दोनदा मारत. टक, टक.

“जा बाई, आता तोंड वर ठेवून जा,” असं पुटपुटत ते मला पुढे ढकलत.

ती हातोडी फार महत्त्वाची होती. ती मारली नाही तर खटका बसल्यासारखा दिसायचा, पण बसलेला नसायचा.

वर जाताना आम्ही रिकाम्या जायचो असं मात्र समजू नका. दुपार झाली की भीमरावांची बायको कांताबाई, जी क्रशरपाशी खडी निवडायची, ती वरच्या बायकांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून आमच्यात ठेवायची. उन्हाळ्यात पाण्याचा हंडा जायचा. एकदा पाय मोडलेली शेळीसुद्धा माझ्यातूनच डोंगरावर गेली होती आणि तिने वाटेत माझ्या तोंडाशी बांधलेली फुलं खाल्ली होती. माणसाने बसू नये असा नियम होता. तसा फलकही होता. पण भाकरी, हंडा आणि शेळी यांच्याबद्दल फलक काही बोलत नव्हता.

ते माझे मानाचे दिवस. खंडेनवमीला अंगावर झेंडूची माळ पडायची, आणि चौदा एप्रिलला भीमराव माझ्या हाताला निळा झेंडा बांधायचे. तो फडफडत मी ओढ्यावरून निघाले की खालची पोरं माझ्यामागून धावायची.

नव्वद साल उलटलं आणि शहराला वेगळीच भूक लागली. काचेच्या इमारती उठू लागल्या. कंप्युटरची ऑफिसं येणार म्हणे. त्यांना खडी हवी, आणखी हवी, आजच हवी. आमची चाकं गार व्हायला वेळ मिळेना. त्याच सुमारास भीमरावांची सून कल्याणी बाळंतपणानंतर खाणीवर परतली. ती वर दगड भरायची. तिची तान्ही लेक, पायल, खाली आजीजवळ असायची. दुपारी कल्याणी पायवाटेने धावत उतरायची, लेकीला पाजायची आणि पदर सावरत पुन्हा चढायची. मी तारेवरून ते रोज पाहत असे. उतरताना तिची पावलं जशी पडत, तशी चढताना पडत नसत.

आता ऐका तो गुरुवार.

गुरुवारी कारखान्यांची वीज बंद असायची, म्हणून आमची सुट्टीही गुरुवारची. पण त्या गुरुवारी कुठल्याशा मोठ्या ऑफिसचा स्लॅब पडणार होता, आणि स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबवत नाहीत. मालकांनी भाड्याने जनरेटर आणला आणि सगळ्यांना कामावर बोलावलं. त्यात वर फोडलेला दगड कमी पडला. आमच्यातल्या निम्म्याअधिक बहिणी हलक्या पोटानेच खाली येऊ लागल्या. खाली ट्रकांची रांग लागली.

दुपारी कल्याणी उतरायला निघाली तेव्हा मुकादम दत्तोबांनी तिला वाटेत अडवलं.

“कुठं निघालीस?”

“पोरीला पाजून येते, मुकादम. रोजच जाते की.”

“रोजचं रोज. आज स्लॅब हाय. एक बाई कमी झाली तरी तार रिकामी पळती. साहेबाला काय तोंड दाखवू मी?”

“ती उपाशी रडत असंल.”

“रडूनशान कुनी मेलंय का? तासाभरानं जा.”

कल्याणी पुन्हा घमेलं उचलायला वळली. तिच्या चोळीवर दुधाचे डाग उतरले होते. शेजारच्या गोदाबाईने ते पाहिलं आणि आपल्या डोक्यावरचं फडकं तिच्या खांद्यावरून पुढे टाकलं.

खाली पायल रडून निळी पडत चालली होती. कांताबाईने पाणी पाजलं, साखर चाटवली, थोपटलं, उन्हातून फिरवलं. कशानेच भागेना. भीमराव जनरेटरचं डिझेल आणायला गेले होते. कांताबाई पायवाटेकडे बघत राहिली. सून येईना. आणि त्या वेळी मी दगड ओतून तिच्यासमोर येऊन उभी राहिले.

तिच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे, कारण ती मोठ्याने बोलली. “भाकरी जाते, पाणी जातं, शेळी जाते. मग लेकरू आईकडं का जाणार नाही?”

तिने माझ्या तळाला गोधडी अंथरली, पायलला निजवलं, लुगड्याची पट्टी फाडून तिला कडांशी बांधलं. मग नवऱ्याला रोज करताना पाहिलं होतं तसा खटका लावला. हातोडी मात्र मारली नाही. क्रशरच्या धडधडीत ते दोन ठोके तिच्या कधी कानावर पडलेच नव्हते. तिने मला पुढे ढकललं.

मित्रांनो, मी जन्मभर दगड वाहिले. दगड गार असतो, नाहीतर उन्हाने तापलेला असतो. स्वतःची ऊब असलेलं काही माझ्या पोटात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. मी डुलत निघाले. पायलचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही विरळ झाले. आणि माझा खटका माझ्या कुशीत नुसता टेकलेला आहे, धरलेला नाही, हे या जगात फक्त मला माहीत होतं. सांगायला मला तोंड नव्हतं.

ओढ्याच्या मधोमध आले आणि जनरेटर बंद पडला. मोटर थांबली की वरचा ब्रेक आपोआप आवळायचा, तसा तो आवळला. मी लटकत राहिले. खाली खोल खडक होते आणि वारा मला हळूहळू हलवत होता.

भीमराव डिझेलचा कॅन घेऊन आले तो कांताबाई आभाळाकडे बघत उभी.

“काय झालं गं?”

“अहो, पोर... सतरात पोर हाय.”

भीमरावांच्या हातातून कॅन निसटला नाही. त्यांनी तो नीट खाली ठेवला. मग विचारलं, “हातोडी मारलीस?”

“कसली हातोडी?”

जनरेटरच्या माणसाने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मान हलवली. ते यंत्र त्या दिवशी उठणार नव्हतं.

एव्हाना पायल झोपली होती. मला ते माहीत होतं, पण खाली-वर कुणाला माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की रडणं थांबलं. ती शांतता त्या रडण्याहून वाईट होती.

खाली-वर निरोप द्यायला लोखंडी रूळ टांगलेले असत. भीमरावांनी तीन ठोके दिले. तीन म्हणजे सावकाश. पुन्हा तीन. पुन्हा तीन. कुणी पोरगा पायवाटेने धावत वर गेला आणि त्याने धापा टाकत सांगितलं, “सतरात पायल हाय. खटका बसला नाय. हिसका देऊ नका.”

दत्तोबा मुकादम मटकन दगडावर बसले. कल्याणी बसली नाही. तिने विचारलं, “इकडून वजन टाकलं तर ती वर येईल ना?”

“येईल. पर ब्रेक ढिला करावा लागंल. हातानं. जरा जास्त सुटला तर...”

“मग जास्त सोडू नका,” कल्याणी म्हणाली आणि तिने घमेलं उचललं.

वरच्या फलाटावर उभी असलेली बादली त्या बायकांनी हातांनी भरली. दत्तोबांनी ब्रेकच्या दांड्यावर सगळं अंग टाकलं आणि एक एक बोट ढिलं करावं तसा तो ढिला केला. भरलेली बहीण खाली सरकली आणि इकडे मी हातभर वर गेले. पुन्हा ब्रेक. पुन्हा दुसरी बादली. फोडलेला दगड संपला तेव्हा बायकांनी चुलीचे दगड आणले, बसायचे दगड आणले. गोदाबाई म्हणाली, “कल्याणे, तू टेक जरा, आम्ही हाय ना.” कल्याणीने ऐकलंच नाही. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिला बहुधा भीती होती की पाहिलं तर हात थांबतील.

मनोऱ्याच्या चाकांवरून जाताना थोडा गचका बसतोच. त्या गचक्याला माझा खटका केसभर सरकला. मी लोखंडाची. मला इच्छा नसते असं म्हणतात. पण त्या क्षणी माझ्या प्रत्येक रिवेटने त्या खटक्याला धरून ठेवलं, असं मला आजही वाटतं. खरं कारण गंज असेल. असो. खटका राहिला.

मी फलाटाला टेकले. दत्तोबांनी आधी माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, मगच गाठी सोडू दिल्या. कल्याणीने पायलला उचललं, मलाच पाठ टेकून खाली बसली आणि पाजायला घेतलं. पायल दूध पिताना मधे मधे उसासे टाकत होती, तेवढाच आवाज.

बऱ्याच वेळाने दत्तोबा म्हणाले, “माझ्या तोंडातून वंगाळ शब्द गेला, बाई.”

“तुमच्या हातानं आणली तिला,” कल्याणी म्हणाली. बाकी शब्दाचं तिने काही म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही.

स्लॅब त्या दिवशी कुठूनतरी दुसरी खडी आणून पूर्ण झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी तार थांबू लागली. मालकांचा हुकूम आला नव्हता. दत्तोबा ब्रेक ओढायचे, रुळावर एक ठोका द्यायचे आणि कल्याणी खाली उतरायची. पुढे आणखी दोघी लेकुरवाळ्या कामाला आल्या, त्याही उतरू लागल्या. आम्ही बादल्या तेवढा वेळ उन्हात स्वस्थ लटकायचो. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, आणि त्यात मी काहीच करत नव्हते.

नंतर शहर डोंगरापाशी आलं. पायथ्याला सोसायट्या झाल्या. तिथले एक निवृत्त आप्पासाहेब धुळीची तक्रार घेऊन एकदा खाणीच्या फाटकावर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, आपला डोंगर रोज सकाळी आमच्या पोह्यांत पडतो. आपण तो परत न्यावा, ही विनंती.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या भिंतीतली खडी माझ्याच पोटातून गेली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. खाण बंद झाली. तारा उतरल्या, मनोरे कापले गेले. माझ्या बहिणी भंगाराच्या गाडीत चढल्या. मी गवतात पडून होते. पाऊस साचायचा, बेडूक यायचे, माझा सतरा आकडा पुसत गेला. एके दिवशी भीमराव हातगाडी घेऊन आले.

“हिला घरी नेतो,” ते म्हणाले. आता कशाला, असं कांताबाईने विचारलं नाही. तिने उलट गाडीला मागून हात लावला.

कल्याणी आता एका काचेच्या इमारतीत कामाला जाते. तिथे पाळणाघर आहे. वरच्या मजल्यांवर कंप्युटरवर बसणाऱ्या पोरींची बाळं ती सांभाळते. संध्याकाळी माझ्याजवळ पायरीवर बसून मेथी निवडते आणि सांगते, “आज एकीला मीटिंगमधून सोडलंच नाही हो, आई. लिफ्ट आहे, मजले चारच, तरी तिला उतरता येईना. बाळ रडून रडून झोपलं.” कांताबाई मान खाली घालून काड्या वेगळ्या करत राहते.

पायल शाळेत जाते. घरातून निघताना ती माझ्या खटक्यावर बोटांनी दोनदा वाजवते. आजोबा करतात म्हणून करते. त्यामागचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल पाजा, असं मागायला मी तुम्हाला थांबवलं नाही. माझं लोखंड जितकं टिकायचं तितकं टिकेल. मागणं एवढंच आहे, की उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात ब्रेकचा दांडा येईल. काम जोरात चालू असेल, खाली ट्रकांची रांग असेल, आणि कुणी आई म्हणेल, जरा खाली जाऊन येते. तेव्हा तार थांबवा. मी पुष्कळ वर्षं या शहराला दगड पुरवले आहेत, म्हणून खात्रीने सांगते. दुपारची तार थांबली म्हणून पुण्यातली एकही इमारत उभी राहायची राहिलेली नाही.